पुस्तकातला फणस, पडवीवरचा फणस

हे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यातलं, गुहागर तालुक्यातल्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावातलं: वाचनालयातून नेलेल्या एका कादंबरीत आणि आपल्या घरात जुळण्या दिसू लागलेल्या एका बाईंचं. कुणाचंही नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे चार-दोन तपशील बदलले आहेत. कादंबरीचं नावही मुद्दाम गाळलंय, नाहीतर वाचणारे आधी ती शोधायला लागतील. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक माझी आहे, ती जागच्या जागी येईलच.

पार्श्वभूमी

आमचं वाचनालय शासनमान्य, 'ड' वर्गातलं. म्हणजे एक खोली, चार लोखंडी कपाटं, साडेतीन हजाराच्या आतबाहेर पुस्तकं आणि अनुदानाची वाट बघणं. रत्नागिरीत १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. तिथे जाऊन आलं की आठवडाभर आमची खोली डोळ्यांना आणखी लहान दिसते. वाचनाचा हंगाम आमच्याकडे पावसाळा. मे महिन्यात कुणाला वेळ नसतो: आंबा, काजू, कोकमं आणि मुंबईकर. आगोटीची बेगमी झाली, लाकडं पडवीत रचून झाली, की बायका पिशवीतून दोन-तीन पुस्तकं नेतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत आपसांत फिरवतात.

काकू त्यांतल्याच. वय साठीपुढचं, यजमान २०१६ साली गेले, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात त्या एकट्या. घर सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी बांधलेलं. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे-मागे नारळ-पोफळीची वाडी, वर सड्यावर चाळीसेक हापूसची कलमं. अण्णा १९९१ मध्ये वारले. धाकटे दीर डोंबिवलीला, नणंद चिपळूणला दिलेली.

त्या मे महिन्यात भाऊजी आले ते घराला गिऱ्हाईक घेऊनच. पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या म्हणून एकाला समुद्र दिसणारं घर हवं होतं. एक लाख रुपये बयाणा भाऊजींनी घेतलासुद्धा. काकूंना हे कळलं परसात फणसपोळीची ताटं उन्हात मांडताना, आणि तेही गिऱ्हाइकाच्या तोंडून. "विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं हो?" असं त्याने विचारलं. काकूंनी हात दाखवून पाण्याची उंची सांगितली आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

काय घडलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी तीन पुस्तकं नेली. त्यांतली एक कादंबरी कोकणातल्याच एका घराची: विधवा भावजय, मुंबईचा दीर, घर विकण्यावरून घातलेला घोळ. ती मुद्दाम निवडली का, असं मी पुढे विचारलं. "छे रे. वर घराचं चित्र होतं म्हणून घेतली," म्हणाल्या. हे उत्तर लक्षात ठेवा. ज्या बाईच्या डोक्यात महिनाभर घर घोळतंय, तिचा हात तीस पुस्तकांतून घराच्या चित्रावरच जाणार.

काकू रोज दहा पानं वाचतात, दुपारचं जेवण झाल्यावर, पडवीच्या आरामखुर्चीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कादंबरीत वादळ आलं आणि फणसाची फांदी गोठ्यावर पडली. त्याच रात्री काकूंच्या फणसाची फांदी पडवीवर आली. पंचवीस-तीस कौलं फुटली, आणि आरामखुर्ची होती तिथेच पाण्याची धार.

दुसरी गोष्ट नावाची. कादंबरीतली नणंद 'आक्का', काकूंची नणंदही आक्का.

तिसरी गोष्ट पेन्सिलची. साधारण दीडशेव्या पानावर कादंबरीतली भावजय मनाशी म्हणते की घरात राहणाऱ्या माणसाला सगळ्यात शेवटी विचारतात. त्या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलने रेघ ओढून समासात तिरकं लिहिलं होतं: 'खरं आहे.' अण्णांना वाचताना पेन्सिल लागायची. वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही ते रेघा ओढत आणि 'खरं', 'साफ खोटं' असले शेरे मारत. गावात अजून त्यावर हसतात.

२५ जूनला, रविवारी, काकू ते पान उघडून माझ्या टेबलापाशी आल्या. "बघ रे, कुणाचं अक्षर हे?" मी चष्मा वर करून बघितलं आणि बोलून गेलो, "अण्णांचंच वाटतंय की." अण्णा आमच्या समितीवर होते, त्यांच्या हातचे जुने ठराव मी पाहिलेत. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला बरं वाटेल. काकू काही बोलल्या नाहीत. पुस्तक पदराखाली धरून, पावसात, छत्री न उघडताच गेल्या.

चौथी गोष्ट २९ जूनची. आषाढी एकादशी, उपास, निवांत दुपार. कादंबरीत त्या दिवशी भावजय माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडते आणि तिला नवऱ्याचं न पाठवलेलं पत्र सापडतं. काकूंनी पुस्तक पालथं ठेवलं, शिडी लावली आणि आपली पेटी खाली काढली. तळाशी, जुन्या पंचांगांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक स्टॅम्पपेपर निघाला. १९९९ सालचं हक्कसोडपत्र. आक्कांनी वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा दोघा भावांना सोडल्याचं त्यात लिहिलेलं. काकू तो कागद हातात घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाइकाचा.

अडचण

काकूंच्या मनात एकच गोष्ट बसली: अण्णा बोलतायत. फांदी त्यांनी पाडली, रेघ त्यांनी ओढून ठेवली, पेटी त्यांनी उघडायला लावली. रविवारी रात्रीच त्यांनी भाऊजींना फोन करून सांगितलं होतं, "अण्णांचा निरोप आलाय, घर विकायचं नाही." भाऊजी आधी गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, पुस्तकं वाचून घरं चालत नाहीत." दोघांतलं बोलणं तिथे तुटलं.

म्हणजे अडचण दुहेरी होती. विक्रीचा प्रश्न जिथल्या तिथे. बयाणा घेतलेला, गिऱ्हाईक घाईला आलेलं. आणि काकूंकडे नाही म्हणायला कारण होतं, पण ते चारचौघांत मांडता येईना. मांडलं की लोक म्हणणार, एकटी राहून डोक्यावर परिणाम झालाय. त्यांच्या मुलानेही पुण्याहून मला फोन केला: "दादा, आईला जरा डॉक्टरकडे न्यावं का?"

मला त्या फोनने जाग आली. २८ तारखेलाच मी दाखल नोंदवही काढली होती. कादंबरी सरकारी अनुदानातून विकत घेतलेली, दाखल केल्याची तारीख १९९६ मधली. आतल्या पानावर पहिली आवृत्ती १९९३ ची. अण्णा १९९१ मध्ये गेलेले. जी कादंबरी ते असताना छापलीच नव्हती, तिच्यात ते रेघ कशी ओढतील? हे बघायला मला दोन मिनिटं लागली. पंचवीस तारखेला मी तेवढी दोन मिनिटं काढली नव्हती.

पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. खरं सांगतो, दोन-तीन दिवस मी तोच निवडला होता. काकूंना घर विकायचं नव्हतं, आणि मलाही त्या घरात हॉटेल नको होतं. चुकीच्या कारणाने का होईना, व्यवहार अडतोय ना? पण खोट्या खुंटीला टांगलेलं ओझं कधीतरी खाली येणारच, आणि ती खुंटी ठोकणारा मी.

दुसरा पर्याय, नोंदवही पुढे ठेवून सरळ सांगायचं.

तिसरा काकूंनी स्वतःच काढला: ग्रामदेवतेला कौल लावायचा. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला कळे किंवा पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावच्या मोठ्या निर्णयांत अजून हे चालतं, आणि त्याला हसणाऱ्यांतला मी नाही. का, ते पुढे सांगतो.

चौथा पर्याय वाचक मंडळाचा. रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-नऊजण जमतो. काकूंच्या संमतीने, त्या समोर बसलेल्या असतानाच, विषय तिथे ठेवायचा असं मी सुचवलं. त्या हो म्हणाल्या, पण अट घातली: "माझी कीव करायची नाही."

केलेली कृती

२ जुलैला मंडळ भरायच्या आधी मी काकूंना एकटं गाठून दाखल नोंदवही दाखवली. बोट ठेवून तारीख वाचून दाखवली, मग आतल्या पानावरची. त्यांनी दोन्ही वेळा चष्मा पुसला. "मग तू तसं का म्हणालास?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हणाल्या, "रेघ कुणाची मग?" १९९८ ते २००४ ची देवघेव नोंदवही एका पावसात भिजून लगदा झाली, त्यामुळे ते कळायला मार्ग नाही. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर अकरा शिक्के आहेत. त्या अकरांतला एक.

मंडळात चर्चा रंगली. निवृत्त गुरुजींनी कार्ल युंगची गोष्ट सांगितली. एक रुग्ण स्त्री त्याला स्वप्नात मिळालेल्या सोन्याच्या भुंग्याबद्दल सांगत होती, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. उघडून बघतो तर तसाच सोनेरी-हिरवट भुंगा. त्याने तो पकडून तिच्या हातात दिला. अशा जुळण्यांमागे कार्यकारण नसलं तरी अर्थ असतो, असं युंगने १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पाउलीबरोबर काढलेल्या पुस्तकात मांडलं. कुणीतरी लगेच टायटॅनिक काढलं: मॉर्गन रॉबर्टसन नावाच्या लेखकाने १८९८ मध्येच 'टायटन' नावाचं अवाढव्य जहाज एप्रिल महिन्यात हिमनगावर आदळवून बुडवलं होतं, टायटॅनिकच्या चौदा वर्षं आधी. त्यावर आमच्या लाँचवरच्या तांडेलाने एका वाक्यात निकाल लावला: "तो माणूस बोटीवर काम केलेला असणार." आणि ते खरं आहे. रॉबर्टसन बोटीच्या कप्तानाचा मुलगा, स्वतः वर्षानुवर्षं व्यापारी जहाजांवर काम केलेला. मोठी जहाजं, अपुऱ्या होड्या, उत्तर अटलांटिकमधला बर्फ हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

रत्नागिरीला संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी सुट्टीला आली होती. तिने वाढदिवसाचं गणित सांगितलं: २३ माणसं जमली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ३० जमली तर सत्तर टक्क्यांच्या वर. गुरुजी हसले. म्हणाले, "आमच्या जुन्या हजेरीपटात बघ, अर्धा वर्ग १ जूनचा." पोराची जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसली की मास्तर १ जून टाकून द्यायचे, शाळा जूनला सुरू म्हणून. बाहेरचा कुणी तो पट बघेल तर म्हणेल, काय हा चमत्कार! मला या चर्चेतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच वाटलं. जुळणी दिसली की आधी मास्तर शोधावा.

मग आम्ही एकेका जुळणीचा मास्तर शोधायला बसलो.

फणसाचा लवकर सापडला. तेव्हा बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं. ते १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्याला धडकलं, पण त्याआधी आमच्याकडेही वारा आणि उधाण होतं. फळांनी लगडलेला फणस आणि जूनचा वारा. एकट्या काकूंच्या वाडीत त्या आठवड्यात पाच घरांवर काही ना काही पडलं. राहता राहिला कादंबरीतला फणस. कोकणावरच्या कादंबरीत फणस, विहीर, पेटी आणि भाऊबंदकी नसेल तर वाचक वर्गणी परत मागतील. आक्काचं तर विचारूच नका. मंडळातल्या नऊजणांपैकी सहाजणांच्या घरी आक्का निघाली.

फोनचा मास्तर काकूंच्या मोबाइलमध्येच होता. मी त्यांना कॉलची यादी उघडून दाखवली. जूनमध्ये गिऱ्हाइकाचे बारा फोन. भाकऱ्या भाजताना आलेला, दळणाच्या रांगेत आलेला, एक तर रात्री साडेनऊला. काकूंना लक्षात राहिला तो एकच, पेटीपाशी आलेला. नवीन ऐकलेला शब्द एकदम सगळीकडे दिसायला लागतो, या अनुभवाला अर्नोल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये नाव दिलं: वारंवारतेचा भास. आपलं लक्ष जिकडे जातं ते मोजलं जातं, बाकीचं हिशेबातच येत नाही.

त्या मुलीने एक प्रयोग सुचवला. काकूंनी उरलेली कादंबरी वाचायची, पण वही घेऊन. वाचायला बसण्याआधी लिहायचं की आज पुस्तकात काय आलं तर मी 'जुळलं' म्हणेन. वाचून झाल्यावर प्रत्येक ठळक घटना लिहून पुढे फुली किंवा बरोबरची खूण. न जुळलेलंही लिहायचं, हे महत्त्वाचं. ३ ते १७ जुलै, पंधरा दिवस. १८ तारखेला अधिक श्रावण लागला तेव्हा काकू वही घेऊन आल्या. सव्वीस नोंदी होत्या, खुणा चार. त्या चारांत 'मुसळधार पाऊस' आणि 'मुंबईहून निरोप' हे दोन. न जुळलेल्यांत बिबट्या, कोर्टकचेरी, दारूडा जावई, समुद्रात गेलेला मुलगा. "हे सगळं मी याआधी वाचून विसरतच होते," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण त्या पुढे जे बोलल्या ते मी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: "पुस्तकाला माझा पत्ता ठाऊक नाही हे मलाही कळतं रे. पण मला रडू कुठल्या पानावर आलं, ते नाही कुणी मोजलंत."

रेघेच्या पानावर. अक्षर कुणाचंही असो, घरात राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोन आठवडे शक्यतेचं गणित मांडत होतो, आणि तोवर आमच्यापैकीही एकाने त्यांना विचारलं नव्हतं की काकू, तुम्हाला काय हवंय.

कौलाचं काय झालं

२१ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, काकू गुरवांकडे गेल्या. मी सोबत होतो. गुरव कामात होते, हात पुसत बाहेर आले. पहिला प्रश्न त्यांनीच केला: "गाऱ्हाणं काय घालायचं?"

काकू म्हणाल्या, "घर विकावं की नको."

"कोण विकतंय?"

"भाऊजी."

"मग ते कुठायत? हिस्सेदार किती?"

काकूंनी बोटांवर मोजलं. भाऊजी, त्या, मुलगा. मग थांबल्या. म्हणाल्या, "आणि आक्का. पण आक्कांनी सोडलंय."

"सोडलंय तर सोडू दे, पण हजर हवी. सगळे हिस्सेदार समोर असल्याशिवाय मी कळे लावणार नाही. उद्या एक म्हणेल, मला हा प्रश्न विचारायचाच नव्हता."

काकू चिडल्या. "मग एवढं तरी विचारा, त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं की नको?"

गुरव हसले. "ते देवाला कशाला? ते त्यांना विचारा."

कौलाला मी हसत नाही ते यामुळे. कौलात प्रश्न आधी ठरतो, उजवं-डावं आधी ठरतं, साक्षीदार आधी बसतात, आणि मग पाकळीकडे बघायचं. पुस्तकातल्या जुळणीचं उलटं असतं. पाकळी आधीच पडलेली असते, तिच्याकडे बघून आपण प्रश्न तयार करतो आणि मग म्हणतो, बघा, उजवी दिली. पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये योगायोगांवर एक लेख लिहिला, त्यात हाच धोका दाखवलाय: कशाला 'जुळलं' म्हणायचं ते आधी ठरवलं नाही आणि 'जवळपास जुळलं' तेही धरलं, तर योगायोग भराभर वाढतात. आमच्या गुरवांनी तो लेख वाचलेला नाही.

आणि हिस्सेदार मोजायला लावून त्यांनी काकूंचं लक्ष पुन्हा त्या स्टॅम्पपेपरकडे वळवलं. तोवर तो कागद सगळ्यांच्या लेखी विक्रीच्या बाजूचा होता. आक्कांनी सोडलंय, म्हणजे एक सही कमी. दुसऱ्या दिवशी आम्ही सातबारा काढला. त्यावर आक्कांचं नाव तसंच. नाव कमी करायचं राहून गेलं असेल, असं मला वाटलं. तालुक्याच्या वकिलांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "नोंदणीचा शिक्का कुठाय?" नव्हताच. स्थावर मिळकतीतला शंभर रुपये किंवा त्यावरचा हक्क असा कागद करून सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. सह्या होत्या, साक्षीदार होते, पण नोंदणीला कुणी गेलंच नव्हतं. आक्कांचा हिस्सा जागच्या जागी होता.

परिणाम

काकूंनी चिपळूणला फोन केला. त्या दोघी पाच मिनिटं बोलल्या असतील. आक्का म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही, वहिनी. मला वाटलं तुमचं सगळ्यांचं ठरलंय." काकू म्हणाल्या, "मलाही नाही विचारलं."

त्या वर्षी अधिक महिन्यामुळे गणपती लांबले, १९ सप्टेंबरला आले. तो वाढीव महिना नसता तर भाऊजी करार करूनच आले असते, असं मला वाटतं. बसणं झालं ते फुटलेल्या कौलांवर ताडपत्री टाकलेल्या पडवीत. चौघे आणि फोनवर वकील. भाऊजींना कागदाचं नोंदणीविना असणं ठाऊक होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. त्यांचीही बाजू होती, ती नोंदवायला हवी: दोन खोल्यांत चार माणसं, मुलीचं शिक्षण, आणि दर दोन वर्षांनी कौलं परतायला अर्धा खर्च पाठवायचा तो वेगळाच. "मी हे घर विकतोय असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, मी तीस वर्षं त्याचे हप्ते भरतोय," म्हणाले. त्यावर काकू गप्प बसल्या. हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

ठरलं ते एवढं. घर तूर्त विकायचं नाही. सड्यावरची कलमं दोन वर्षांसाठी कराराने द्यायची, त्या पैशांतून पडवी आणि छप्पर. सरस-निरस वाटप, म्हणजे जमिनीची प्रत बघून हिश्शांची वाटणी, करून घ्यायचं, म्हणजे पुढे ज्याला विकायचंय त्याने आपला तुकडा विकावा. बयाणा भाऊजींनी परत केला. गिऱ्हाइकाने तिसऱ्या गावात जागा घेतली.

२३ तारखेला गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि भाऊजी संध्याकाळच्या गाडीने गेले. वाचनालयावरून जाताना माझ्याकडे बघितलं नाही. वहिनीला पुस्तकं देऊन फितवली, असं ते अजून म्हणतात.

पुन्हा केलं असतं तर

२५ जूनला मी उत्तर द्यायच्या आधी नोंदवही उघडली असती. 'बघून सांगतो' हे दोन शब्द पुरले असते. कुणाला बरं वाटावं म्हणून केलेली पुष्टी ही मदत नसते, आणि ग्रंथपालाच्या तोंडून आली की तिला दाखल्याचं वजन येतं. माझ्या त्या एका वाक्यामुळे काकूंनी भाऊजींशी पहिलं बोलणं अण्णांच्या नावाने केलं. तेच स्वतःच्या नावाने केलं असतं, तर सप्टेंबरची बैठक जुलैत झाली असती असं मला वाटतं. काकूंना तसं वाटत नाही. त्या म्हणतात, अण्णांचं नाव नसतं तर माझी फोन करायची छातीच झाली नसती. याचा निकाल मला लावता येत नाही.

वहीचा प्रयोग मी परत करेन, पण त्याआधी रडू आलं ते पान विचारेन. युंगच्या गोष्टीतही मला आता भुंग्यापेक्षा ती बाई महत्त्वाची वाटते. त्यानेच लिहिलंय की अडून बसलेले उपचार त्या भुंग्यानंतर पुढे सरकले. गुरुजी हे पहिल्याच दिवशी सांगत होते, आम्ही टायटॅनिकमध्ये अडकलो.

पेटीवर आमच्यात अजून वाद आहे. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीचं म्हणणं, तो योगायोग नव्हेच: पुस्तकात पेटी आली म्हणून काकूंनी पेटी काढली, सरळ कार्यकारण. कागद तिथे चोवीस वर्षं पडून होता. वकील म्हणतात, कागद सापडला नसता तरी खरेदीआधीच्या शोधात सातबाऱ्यावरचं आक्कांचं नाव पुढे आलंच असतं. बरोबर. पण ते आलं असतं करार झाल्यावर, नोटिशीतून, आणि आक्कांना फोन वकिलाचा गेला असता, वहिनीचा नाही.

काकूंच्या मुलाला मी काय सांगायला हवं होतं, तेही राहिलंच. त्याने डॉक्टरचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काही नाही रे, पावसाळ्यात होतं असं." त्याऐवजी त्याला दोन दिवस घरी बोलवायला हवं होतं.

कादंबरी काकूंनी गणपतीत परत आणली नाही. आक्कांनी मागितली म्हणून त्यांना दिली, ती चिपळूणला गेली. रेघ खोडून टाकावी म्हणून मी खोडरबर घेऊन ठेवला होता. पुस्तक अजून आलेलं नाही. दिवसाला पन्नास पैशांप्रमाणे दंड काकूंच्या नावावर चढतोय, आणि तो लावायचा की नाही हा विषय समितीच्या पुढच्या सभेपुढे आहे.